गुरुवारच्या आधीचे तीन आठवडे

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकेतला आभाराचा सण. त्या दिवशी दुपारी आमच्या गावात चिटपाखरू दिसत नाही. बॉस्टनच्या पश्चिमेला जी छोटी छोटी गावं आहेत, त्यांतलंच हे एक. पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च, त्यासमोर हिरवळ, वाचनालय, फायर स्टेशन, पिझ्झाची दोन दुकानं. मॅसॅच्युसेट्समध्ये फार जुन्या काळचे काही कायदे अजून टिकून आहेत, त्यामुळे या दिवशी बहुतेक दुकानांना, अगदी सुपरमार्केटांनाही, उघडायची परवानगी नसते. पेट्रोल पंप आणि कोपऱ्यावरचं एखादं छोटं दुकान तेवढं चालू. घरांसमोर न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियाच्या नंबरप्लेटा दिसतात, धुराड्यांतून धूर निघत असतो, आणि माणसं सगळी आत. नव्यानं आलेल्या मराठी पाहुण्याला हे बघून हमखास प्रश्न पडतो: एवढा मोठा सण म्हणता, मग माणसं कुठायत?

माणसं दमलेली असतात. तीन आठवडे राबून झालेलं असतं. गुरुवार हा घरच्यांचा. गावाचा सण त्याआधीच होऊन गेलेला असतो, चर्चच्या तळघरात, शाळेच्या पार्किंगमध्ये, सीनियर सेंटरच्या स्वयंपाकघरात आणि लोकांच्या गॅरेजमधल्या जादाच्या फ्रीजरमध्ये. टीव्हीवरची परेड आणि टर्की, म्हणजे या सणाला भाजतात तो मोठा पक्षी, बघून ज्यांना हा सण कळला असं वाटतं, त्यांनी नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी सकाळी आमच्या फूड पँट्रीत यावं. येताना जुने बूट घालावेत.

फूड पँट्री म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणारी जागा. आमची चर्चच्या तळघरात आहे, पण चर्चची नाही. चर्च फक्त जागा आणि वीज देतं. पँट्रीच्या वर असते फूड बँक, म्हणजे ठोक कोठार. जगातली पहिली फूड बँक १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. दुकानांनी टाकून दिलेलं पण खाण्याजोगं अन्न कुठेतरी साठवावं आणि लागेल त्यानं न्यावं, एवढीच कल्पना. आमच्याकडे ग्रेटर बॉस्टन फूड बँकेकडून माल येतो. पूर्व मॅसॅच्युसेट्समधल्या १९० गावाशहरांना ती पुरवठा करते. बाकीचं गावातून गोळा होतं, आणि त्या गोळा करण्याची सुरुवात होते ती स्काउटच्या पोरांपासून.

एका शनिवारी ही पोरं दारोदार पिशव्या अडकवून जातात. पुढच्या शनिवारी आईबापांच्या गाड्यांमधून येऊन भरलेल्या पिशव्या उचलतात. १९८०च्या दशकात सेंट लुइसला सुरू झालेला हा उपक्रम आता देशभर चालतो. दुपारपर्यंत तळघरात पिशव्यांचा डोंगर होतो आणि मग आमचं काम चालू होतं: निवडणं. तारीख बघायची, काचेच्या बाटल्या वेगळ्या काढायच्या, पोचे आलेले डबे तपासायचे. डब्याच्या पोटाला पोचा असेल तर चालतो, पण सांध्यावर किंवा कडेला असेल तर तो डबा कचऱ्यात, कारण आत जंतू शिरलेले असू शकतात आणि त्यातून होणारी विषबाधा जीवघेणी असते. हे मला आमच्या पँट्रीच्या मुख्य बाईंनी शिकवलं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर शाळेत नर्स होत्या. एका हातानं डबा गोल फिरवून अंगठ्यानं सांधा चाचपतात आणि तोंडानं दुसऱ्याच कोणाला काहीतरी सांगत असतात.

लोक काय देतात त्यावरून गावाचा स्वभाव कळतो. नोव्हेंबरात येतात त्या फरसबीच्या शेंगांचे डबे, मशरूम सूपचे डबे आणि तळलेल्या कांद्याचे डबे. तिन्ही मिळून एक पदार्थ होतो. न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी १९५५ साली तो बसवला, मूळ हेतू सूप खपावं हा. आज तो आजीच्या हातचा पारंपरिक पदार्थ म्हणून टेबलावर येतो. मला यात काही वावगं वाटत नाही. साबुदाणा आणि बटाटा तरी कुठे आपल्या ऋषिमुनींनी खाल्ला होता? भोपळ्याचे डबे येतात, ते बहुतेक इलिनॉयमधल्या मॉर्टन गावाच्या आसपासच्या शेतांतले. क्रॅनबेरीची जेली येते, डब्यातून काढल्यावर डब्याच्या वळ्यांसकट उभी राहणारी. आणि दर वर्षी कोणीतरी आर्टिचोक नावाच्या भाजीच्या गाभ्यांची छोटी महागडी बाटली टाकतं, बहुधा कपाट आवरताना सापडलेली. ती पुढच्या नोव्हेंबरपर्यंत फळीवर तशीच असते.

आता घेणाऱ्यांची बाजू. आमच्या पट्ट्यात, फ्रेमिंगहॅम-मार्लबरोकडे, ब्राझीलहून आलेली माणसं खूप. रात्री ऑफिसं साफ करणारी, दिवसा रंगकाम करणारी, रेस्टॉरंटात भांडी घासणारी. त्यांना मशरूम सूपचं काय करायचं? एक बाई डबा उलटसुलट करून बघायच्या आणि नम्रपणे परत ठेवायच्या. त्यांना हवे असत काळे घेवडे, तांदूळ आणि कसाव्याचं पीठ. तांदूळ पाच पौंडांच्या नाही, वीस पौंडांच्या पोत्यात. हे मुख्य बाईंना पटायला वेळ लागला नाही, त्या म्हणाल्या, "मग तू यादी कर." मी मराठी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं की यंदा स्टफिंगचे, म्हणजे टर्कीत भरायच्या पावाच्या चुऱ्याचे, खोके नकोत, तांदूळ, राजमा, मसूर, तेल आणा. आपल्या लोकांना हे सांगावंही लागलं नाही फारसं. पुढच्या रविवारी इतका सोना मसूरी आला की त्या तळघराला आमच्या सांगलीच्या वखारीचा वास यायला लागला.

आपली माणसं द्यायला हात आखडत नाहीत, हे मी कुठेही सांगेन. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेचं सभागृह मिळेल तेव्हा होतो, म्हणजे बहुतेकदा नोव्हेंबरात, आणि तिथे दारातच खोके ठेवलेले असतात. पैठण्या नेसलेल्या बायका पर्समधून चण्याचे डबे काढून टाकतात. पण आपण घेणाऱ्यांच्या बाजूला असू शकतो, ही शक्यता आपल्या मनात नसते. आयटीत नोकरकपातीची लाट आली होती त्या एका वर्षी रांगेत एक मराठी गृहस्थ दिसले. कोण, कुठले, ते लिहिणार नाही. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि ते वळून गाडीकडे चालायला लागले. मी हाक मारणार तेवढ्यात मुख्य बाईंनी माझ्या दंडाला धरलं. त्यांनी स्वतः दोन पिशव्या भरल्या, कोट न घालताच बाहेर गेल्या, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि काही न बोलता परत आल्या. नंतर मला म्हणाल्या, "तू आता मागच्या खोलीत काम कर. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा चेहरा ओळखीचा आहे, एवढंच."

तेव्हापासून मी बहुतेक मागेच असते. वाईट वाटलं होतं, पण बाईंचं बरोबर होतं. एच-वन व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची असते, भारतात घरी सांगितलेलं नसतं, आणि गावातल्या प्रत्येक मराठी घरात आपण जेवून आलेलो असतो. अशा माणसाला ओळखीच्या माणसाकडून तांदूळ घेणं किती जड जात असेल. आपल्याकडच्या भंडाऱ्यात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे सरपंच आणि शेतमजूर एकाच पंगतीत बसतात आणि भूक कोणाची किती खरी हे कोणी विचारत नाही. इथे टेबल मध्ये आहे. एका बाजूला देणारे, दुसऱ्या बाजूला घेणारे. सगळे हसून बोलतात, "हॅपी थँक्सगिव्हिंग" म्हणतात, पण टेबल तिथेच राहतं.

२०२५च्या नोव्हेंबरात ते टेबल जरा हललं. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं होतं, अंदाजपत्रकाचं भांडण. सरकारी नोकर एकतर घरी, नाहीतर बिनपगारी कामावर. १ नोव्हेंबरला शनिवार होता आणि त्या दिवसापासून किराण्याच्या सरकारी मदतीचे पैसे कार्डांवर जमा व्हायचे थांबले. कागदोपत्री या योजनेचं नाव स्नॅप, पण बोलताना लोक अजून फूड स्टँपच म्हणतात. देशात तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख माणसं तिच्यावर अवलंबून होती, म्हणजे दर आठ माणसांत एक. कोर्टात दावे चालू होते, पैसे येणार की नाही याच्या बातम्या सकाळ-संध्याकाळ बदलत होत्या. आमच्याकडे रांग तळघराच्या जिन्यावरून पार्किंगमध्ये आणि पार्किंगमधून वाचनालयाच्या भिंतीपर्यंत गेली. त्या रांगेत आदल्या वर्षी टेबलाच्या अलीकडे उभे असलेले दोघंतिघं होते. एकजण विमानतळावर सुरक्षा तपासणीत काम करणारा, पगार थकलेला. स्वतःची पिशवी घेऊन झाल्यावर कोट काढून तो आत आला आणि खोके उचलायला लागला. कोणी त्याला काही म्हणालं नाही.

१२ नोव्हेंबरला, ४३ दिवसांनी, सरकार पुन्हा सुरू झालं. पण तोवर आमच्या टर्कीसाठी साठवलेल्या पैशांतले बरेचसे दूध, अंडी आणि मुलांच्या डायपरवर गेले होते. मुख्य बाईंनी गावाच्या वार्तापत्रात तीन ओळी लिहिल्या. चौथ्या दिवशी फायर स्टेशनच्या दारात फ्रीजरभर टर्की येऊन पडल्या, आणि पाकिटांतून चेक. बाईंना चेक जास्त आवडतात. त्यांचं सांगणं असं की तुम्ही दुकानातून भाव देऊन डबा आणता, त्याच पैशात फूड बँकेकडून कितीतरी जास्त माल येतो. हिशेबानं ते खरंच आहे. पण आठ वर्षांच्या पोराच्या हातात चेक देऊन काय उपयोग? त्याला डबा उचलून खोक्यात टाकायचा असतो, आवाज आला पाहिजे. बाई आणि मी यावर दर वर्षी वाद घालतो.

टर्की वाटणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सण गुरुवारी तर बुधवारी वाटा. पण गोठलेला वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोचा पक्षी फ्रीजमध्ये नीट वितळायला चार ते पाच दिवस घेतो. म्हणून आधीच्या शनिवारीच वाटायच्या. मग प्रश्न येतो की एका भाड्याच्या घरात तीन कुटुंबं राहतात आणि फ्रीज एकच, तिथे हा पक्षी पाच दिवस ठेवायचा कुठे? काहींचा ओव्हन नीट तापत नाही, काहींच्या खोलीत ओव्हनच नाही. म्हणून यादीत तीन रकाने असतात: टर्की, कोंबडी, किंवा सुपरमार्केटचं कूपन. घेणाऱ्याला विचारायचं, त्यानं सांगायचं. हे इतकं साधं, पण देणाऱ्यांपैकी काही जणांना ते खटकतं. त्यांना त्या कुटुंबाच्या टेबलावर टर्कीच हवी असते, चित्रातल्यासारखी. बरोबर एक कागद द्यायचा: मांसाचं आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट झालं पाहिजे, आणि गोठलेला पक्षी उकळत्या तेलात सोडू नका. हे शेवटचं वाक्य फायर चीफच्या आग्रहावरून. दर वर्षी देशात कुठे ना कुठे कोणीतरी अंगणात तेलाची कढई पेटवून घर जाळतं. बटरबॉल कंपनी तर १९८१पासून फोनवर टर्की शिजवण्याचा सल्ला देते आहे, आणि दर वर्षी फोन वाजायचे काही थांबत नाहीत.

मी शाकाहारी घरातली. हे सगळं आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"म्हणजे तू कोंबड्या वाटतेस?"

"टर्की, आई."

"तेच ते. हातमोजे घालतेस ना?"

"घालते."

"बरं. अन्नदान आहे." मग थोड्या वेळानं, "पण घरी आल्यावर आंघोळ कर."

२०२३ साली तर कमालच झाली. २३ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग आणि त्याच दिवशी कार्तिकी एकादशी. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी लाखो वारकरी, आणि आम्हाला शेजारच्या आजीआजोबांकडे दुपारी दोनचं जेवायचं बोलावणं. आईनं आधीच बजावलं होतं. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. टेबलावर बघते तर उपासाचा माल निम्मा आधीच हजर: रताळी आणि बटाटे. फक्त बटाट्याच्या लगद्यात कोंबडीचा रस्सा होता आणि रताळ्यांवर मार्शमेलोचा थर. मार्शमेलोत जिलेटिन, तेव्हा तीही बाद. मी खिचडी, सफरचंद आणि सुकामेवा खात बसले. शेजारच्या आजींना, म्हणजे तिथल्या यजमानीणबाईंना, आज माझा उपास आहे हे कळल्यावर त्या ओशाळल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "प्लिमथला पण आज काही लोक उपास करतात."

हे मला माहीत नव्हतं. प्लिमथ आमच्याकडून गाडीनं तास-सव्वा तासावर. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून १६२०च्या डिसेंबरात जी माणसं तिथे उतरली, त्यांतली जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात गेली. पुढच्या शरदात पीक हाती आलं तेव्हाच्या मेजवानीबद्दल प्रत्यक्षदर्शी मजकूर म्हणून जे आहे ते एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रातल्या काही ओळी. तिथल्या मूळ रहिवाशांचा, वाम्पनोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा जास्त, आणि जेवणातही पाहुण्यांनी भर घातलेली. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्याच मॅसासोइटच्या मुलाशी वसाहतवाल्यांचं युद्ध झालं आणि ते लोक देशोधडीला लागले. सणाला राष्ट्रीय रूप आलं ते बऱ्याच नंतर, सारा जोसेफा हेल या संपादिकेनं वर्षानुवर्षं पत्रं लिहून पिच्छा पुरवल्यावर, लिंकननं १८६३ साली, यादवी युद्धाच्या ऐन मध्यात.

१९७० साली जहाज आल्याला ३५० वर्षं झाली म्हणून समारंभ होता. वाम्पनोआगांपैकी फ्रँक जेम्स, त्यांचं त्यांच्या लोकांतलं नाव वॅमसुट्टा, यांना भाषणाला बोलावलं होतं. त्यांनी लिहिलेलं भाषण आयोजकांनी आधी मागून वाचलं आणि बदला म्हणाले. जेम्स यांनी बदललं नाही, आणि समारंभालाही गेले नाहीत. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला कोल्स हिल नावाच्या टेकाडावर, मॅसासोइटच्या पुतळ्यापाशी माणसं जमली. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी दुपारी तिथे शोकदिन पाळला जातो, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण आदल्या सूर्यास्तापासून उपास करतात. नंतर सगळे मिळून जेवतात.

एका वर्षी आम्ही गेलो. समुद्रावरून वारा असा येत होता की कान बधिर. खाली तो प्रसिद्ध प्लिमथ रॉक, म्हणजे जहाजातली माणसं जिथे उतरली असं सांगतात तो खडक, वर पुतळा, आणि मध्ये उतारावर कोट-टोप्यांतली शेकडो माणसं, दूरदूरच्या टोळ्यांची, काही थेट दक्षिण अमेरिकेतून आलेली. मी भाषणं ऐकली, त्यांतली काही कडू होती, आणि कडू असायचं कारण होतं. मुलगी तेव्हा चौथीत. आमच्या वेळच्या शेजाऱ्यांच्या मुलांनी शाळेत कागदाची पिसं लावून नाटक केलेलं असायचं. तिच्या शाळेत ते बंद झालं होतं. परत येताना गाडीत तिनं विचारलं, "मग आपण टर्की वाटायच्या का नाही?" तिचे बाबा म्हणाले, "भूक लागते ना लोकांना?" यावर तिचं समाधान झालं. माझं अर्धवट झालं. ज्या गोष्टीच्या आठवणीनं कोणी उपास धरतं त्याच गोष्टीच्या नावानं आपण खोके भरतो, हे दोन्ही एका गुरुवारी मावतं, एवढंच मी म्हणू शकते. शेजारच्या आजी तर म्हणतात की उपास करणाऱ्यांनाच या सणाचा अर्थ जास्त कळलाय. त्या पंचवीस वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवत होत्या, तेव्हा त्यांचं बोलणं मी मनावर घेते.

बाकी गुरुवारच्या सकाळी गावात थोडी जाग असते, तेवढी सांगून टाकते. आठ-साडेआठला टर्की ट्रॉट, म्हणजे जेवणाआधी पळायची शर्यत. १८९६ साली बफेलोत सहा जणांनी सुरू केली, आता गावोगावी होते, आणि आमच्याकडे काही जण टर्कीचा पोशाख घालून पळतात. प्रवेश शुल्कातला वाटा पँट्रीला येतो म्हणून मी टीका करत नाही. दहाला हायस्कूलची अमेरिकन फुटबॉलची मॅच. या भागात ते वेड जुनं आहे: वेलस्ली आणि नीडम या शेजारगावांची चुरस १८८२पासूनची. खेळातलं मला काही कळत नाही, पण कॉलेजला गेलेली सगळी पोरं त्या दिवशी मैदानाच्या कठड्याला टेकून उभी असतात आणि कोण जाड झालं, कोणाचं कोणाशी मोडलं, हे तिथे समजतं. त्यासाठी जावं.

मंगळवारी संध्याकाळी सर्वधर्मीयांची प्रार्थना असते. एका वर्षी चर्चमध्ये, एका वर्षी सिनगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात. जवळच्या मशिदीचे इमाम येतात, ॲशलंडच्या लक्ष्मी मंदिरात जाणारी आमच्यातली काही घरं येतात, मराठी शाळेची पोरं जेवणाआधीचा श्लोक म्हणतात, जरा जास्तच वेगात. नंतर तळघरात चहा, कॉफी आणि सारण भरून भाजलेले गोड ‘पाय’. घरी केलेलं लोणचं किंवा जॅम पँट्रीत देता येत नाही, नियम आहे. पण स्वयंसेवकांना देता येतं. म्हणून मी क्रॅनबेरीचं लोणचं नेते. ताजी क्रॅनबेरी फक्त याच दिवसांत मिळते, इथल्या कॅर्व्हर-वेअरहमच्या पाणथळ मळ्यांतून येते, आणि अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत तिनं करवंदाची जागा केव्हाच घेतली आहे: मोहरीची डाळ, हिंग, मेथी, तिखट, थोडा गूळ. मुख्य बाई शुक्रवारी उरलेल्या टर्कीच्या सँडविचला ते लावतात. बाटली रिकामी झाली की धुऊन परत देतात, न बोलता. त्याचा अर्थ भरून दे असा असतो.

आणि विद्यार्थी. या चार दिवसांत वसतिगृहं ओस पडतात, कँटीन बंद, बसगाड्या कमी. बॉस्टन-वुस्टरमधली नुकतीच आलेली मराठी पोरं आमच्या घरी येतात. आमच्या वेळी अशी पोरं गुरुवारी रात्रीच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर रांग लावायची, शुक्रवारच्या सेलमधल्या स्वस्त लॅपटॉपसाठी, थंडीत कुडकुडत. कायद्यामुळे दुकान मध्यरात्रीआधी उघडायचंही नाही. आताची पोरं फोनवरच सगळं विकत घेतात, म्हणून त्यांना वेळ असतो. "काकू, आम्ही काय करू?" असं विचारतात. मी त्यांना शनिवारी पँट्रीत नेते. पुण्या-नाशकाहून आलेली, घरी ताटही न उचललेली पोरं पन्नास पौंडांचे बटाट्याचे खोके जिन्यावरून उतरवतात आणि संध्याकाळी माझ्याकडे चार चार पोळ्या जास्त खातात.

मुख्य बाईंची मात्र या सगळ्या उत्साहाबद्दल एक कायमची कुरकुर आहे. ऑक्टोबर संपायच्या आत नोव्हेंबरचा तक्ता नावांनी भरून जातो, वर प्रतीक्षायादी. फोन येतात, आमच्या मुलांना थँक्सगिव्हिंगला सेवा करायची आहे, जागा आहे का? शाळेत समाजसेवेचे तास दाखवायचे असतात, फोटोही हवे असतात. बाई गोड आवाजात नाही म्हणतात आणि फोन ठेवून कडू तोंड करतात. कारण फेब्रुवारीचा तक्ता कोरा असतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मॅसॅच्युसेट्सच्या शाळांना सुट्टी असते. ज्यांना परवडतं ते फ्लोरिडाला किंवा स्कीइंगला जातात. २०२३पासून या राज्यात सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण फुकट मिळतं. सुट्टीच्या आठवड्यात ते बंद. म्हणजे ज्या आठवड्यात पोरं दिवसभर घरी आणि भुकेली, त्याच आठवड्यात आमच्याकडे खोके उचलायला माणसं नाहीत, आणि जिन्यावर बर्फ.

म्हणून यंदा बाईंनी दोन तक्ते एकावर एक टाचले. ज्याला नोव्हेंबरातला शनिवार हवा त्यानं खालच्या कागदावर फेब्रुवारीतलाही एक घ्यायचा. बरीच कुटुंबं कागद उचलून बघतात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणतात. मी तो कागद फोटो काढून मराठी शाळेच्या ग्रुपवर टाकला. तासभर नुसते अंगठे आले. मग एकानं विचारलं, पार्किंगमधला बर्फ कोण काढतं? दुसऱ्यानं विचारलं, मुलांना आणलं तर चालेल का, का खूप थंडी असते तळघरात? तिसऱ्या बाईंनी विचारलं, फेब्रुवारीत पण टर्कीच असते का. मी लिहिलं, नाही, तेव्हा तांदूळ, डाळ आणि दूध. त्यावर त्यांनी दोन शनिवार घेतले.